वीज कमी पडू नये म्हणून सरकार पैसे देतं, त्यावर कायद्याचा लगाम आहे का?

प्रश्न विचारणारे बोरिवलीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की युनिट कमी झाले तरी बिलातला स्थिर आकार सुटत नाही, बंद बसलेल्या प्लांटलाही पैसे जातात असं पेपरात येतं, बॅटरीवाल्यांना केंद्र अनुदान देतं, कोळसा महागला की कंपन्यांना भरपाई मिळते, आणि हे सगळं 'वीज पुरेशी मिळावी म्हणून' या एका वाक्याखाली खपवलं जातं. तर यावर कायद्याचं काही बंधन आहे की मंत्रालयाच्या मनात आलं आणि दिलं? त्यांचा पुतण्या लॉ करतोय, तो म्हणतो युरोपात असे पैसे द्यायच्या आधी परवानगी काढावी लागते, मग आपल्याकडे का नाही?

बंधन आहे. पण किती घट्ट ते एकाच गोष्टीवर ठरतं, पैसा बिलातून येतोय की सरकारी तिजोरीतून. बिलातून येत असेल तर वीज आयोग (दर ठरवणारी आणि वीज कंपन्यांवर नजर ठेवणारी संस्था) मध्ये बसलाय, तुम्हाला हरकत घेता येते, अपील करता येतं. तिजोरीतून येत असेल तर आपल्याकडे लगाम बराच सैल आहे. आणि गंमत म्हणजे युरोपात मुळात याच्या उलट होतं. मी बरीच वर्षं आयोगापुढे केसेस लढवतोय, ग्राहकांच्या बाजूनेही आणि कंपन्यांच्या बाजूनेही, आणि हा फरक भल्याभल्या वकिलांच्याही लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्थिर आकाराचं बघू, कारण सगळ्यांचा राग तिथेच आहे. तुमच्या सोसायटीने एखाद्या टँकरवाल्याला सांगितलं की मे महिन्यात पालिकेचं पाणी कधीही जाईल, तुझा टँकर आमच्यासाठी राखून ठेव, तर तो पाणी आणो न आणो, टँकर उभा ठेवायचे पैसे घेणारच. वीज प्लांटचंही तसंच. दोन भागांचा टॅरिफ म्हणजे दर असतो, कपॅसिटी चार्ज (प्लांट तयार ठेवल्याचा स्थिर आकार) आणि एनर्जी चार्ज (घेतलेल्या युनिटचे पैसे). प्लांटने 'मी तयार आहे' असं जाहीर केलं आणि ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध राहिला (बऱ्याच कोळसा प्लांटना हे प्रमाण ८५ टक्के असतं) तर त्याला कपॅसिटी चार्ज पूर्ण मिळतो, मग लोड डिस्पॅच सेंटरने (कुठल्या प्लांटकडून किती वीज घ्यायची ते ठरवणाऱ्या केंद्राने) त्याच्याकडून एक युनिटही नाही उचललं तरी. त्यामुळे 'वीज न बनवता पैसे' ही बातमी खरी असते पण त्यात घोटाळा असेलच असं नाही. घोटाळ्याचा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे एवढे टँकर राखून ठेवायची गरज होती का, हे कुणी आणि कधी तपासलं?

आणि राखून ठेवायचे पैसे का द्यावे लागतात, बाजारावर का नाही सोडत, तर त्याचंही कारण आहे. वर्षात फार थोडे तास असे असतात जेव्हा सगळेच प्लांट लागतात. त्या तासांना भाव आभाळाला भिडू दिला तर कधीतरीच चालणाऱ्या प्लांटचा खर्च निघतो. पण कुठलंच सरकार तसं होऊ देत नाही. मार्च २०२२ च्या अखेरीला एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खुल्या बाजारात, भाव २० रुपयांपर्यंत गेले तेव्हा केंद्रीय आयोगाने युनिटला १२ रुपयांची मर्यादा घातली, पुढे ती १० वर आणली. ग्राहक म्हणून मला ते बरंच वाटतं, पण मग त्या कधीतरी चालणाऱ्या प्लांटचा जो पैसा बुडतो तो दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने द्यावा लागतो, नाहीतर पुढचा प्लांट कोणी बांधत नाही. टेक्सासमध्ये कपॅसिटीचे वेगळे पैसे देत नाहीत, तिथे भावाची मर्यादा ९ डॉलर युनिटला अशी ठेवली होती, आणि फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत गॅसच्या पाईपलाईनपासून प्लांटपर्यंत सगळं गोठलं, लोक अंधारात बसले आणि भाव मात्र दिवसचे दिवस त्या मर्यादेला चिकटून राहिला. म्हणजे प्रोत्साहन देणं हे मुळातच पाप आहे असं मी म्हणणार नाही.

पाप कसं होतं ते महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही, दाभोळ आहेच. डिसेंबर १९९३ मध्ये एमएसईबीने, म्हणजे तेव्हाच्या राज्य वीज मंडळाने, एन्रॉनच्या दाभोळ पॉवरशी करार केला, टेंडर नाही, थेट वाटाघाटी. वीज घ्या की न घ्या, ठरलेला आकार द्यायचा, त्यात डॉलरचा धोका आपल्या डोक्यावर, वर राज्य सरकारची हमी आणि त्याच्याही वर १९९४ मध्ये केंद्राची प्रतिहमी. त्याच १९९३ साली वर्ल्ड बँकेने कर्ज द्यायला नकार दिला होता, कारण एवढी मोठी आणि महाग कपॅसिटी राज्याला सतत चालवायला लागणारच नाही असं त्यांचं मत होतं. म्हणजे गरज तपासली गेली होती, उत्तर 'नाही' आलं होतं, आणि ते उत्तर ऐकायला बांधील असलेली एकही संस्था कायद्यात नव्हती. १९४८ चा जुना कायदा, वीज मंडळच नियोजन करणार, मंडळच खरेदी करणार आणि दरही मंडळच लावणार. पहिला टप्पा मे १९९९ ला सुरू झाला, २००१ च्या सुरुवातीला मंडळाने बिलं थकवली, आणि मे २००१ मध्ये प्लांट बंद. हायकोर्टात याचिका झाल्या, टिकल्या नाहीत. कोर्ट काय बघतं, अधिकार होता का, प्रक्रिया पाळली का. तुम्हाला २ हजार मेगावॉट लागतात की ५००, हे कोर्ट मोजत बसत नाही, आणि बसूही नये.

म्हणून २००३ च्या वीज कायद्यातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं कलम म्हणजे ८६(१)(ब). दिसायला एकदम साधं आहे, वितरण कंपनी वीज कोणाकडून, किती, कुठल्या भावाने घेते याचं नियमन राज्य आयोग करेल. बस. पण याचा अर्थ असा की कंपनीने मंत्र्यांच्या सांगण्यावरून करार केला तरी आयोगाची मंजुरी नसेल तर तो खर्च तुमच्या बिलात टाकता येत नाही. दाभोळच्या वेळेला ही चाळणी असती तर, असो.

दर ठरवायच्या दोन वाटा आहेत. कलम ६२, म्हणजे खर्च अधिक नफा, आयोग प्रत्येक आकडा तपासणार. आणि कलम ६३, म्हणजे स्पर्धात्मक बोली, जो भाव निघेल तो आयोग स्वीकारणार. ६३ मध्ये बरीच वर्षं असं समजलं जायचं की बोली नीट झाली की आयोगाने फक्त शिक्का मारायचा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये राजस्थानच्या जयपूर वितरण कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की नाही, भाव बाजाराशी सुसंगत आहे का आणि ग्राहकाच्या हिताचा आहे का हे आयोगाने बघायचंच, आणि नसेल तर नाकारायचा. हा निकाल मी हल्ली जवळजवळ प्रत्येक हरकतीत टाकतो, तुम्हीही टाका.

मुंबईचं मात्र प्रकरण थोडं निराळं आहे, आणि ते समजून न घेता उगाच 'अदानी-टाटा लुटतात' एवढंच बोलून भागत नाही. मुंबईची मागणी ४ हजार मेगावॉटच्या वर जाते, आणि शहराची स्वतःची म्हणावी अशी निर्मिती म्हणजे ट्रॉम्बे, डहाणूचे ५०० मेगावॉट, आणि टाटांचे खोपोली-भिवपुरी-भिरा हे हायड्रो, सगळं मिळून अर्ध्याच्या आसपास. उरलेली वीज बाहेरून आणायची, आणि आणायच्या वाटा मोजक्या. १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल, सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघ्याच्या बाजूच्या लाईन गेल्या आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. देशात त्या दिवशी वीज भरपूर होती, मुंबईत यायला रस्ता नव्हता. ग्रिड पडली तरी मुंबई वेगळी होऊन चालू राहते ती आयलंडिंगची व्यवस्था १९८१ पासून आपण अभिमानाने सांगत होतो, तीही त्या दिवशी टिकली नाही.

म्हणजे मुंबईसाठी पुरेशा पुरवठ्याचं प्रोत्साहन हे प्लांटला कमी आणि लाईनला जास्त लागतं. त्यातून आरे ते कुडूस ही १ हजार मेगावॉटची एचव्हीडीसी (जास्त दाबाच्या डीसी विजेची) लाईन आली, साधारण ७ हजार कोटींचं काम. आयोगाने २०२१ मध्ये लायसन्स अदानींच्या कंपनीला दिलं ते बोली न लावता, कलम ६२ च्या वाटेने. टाटा पॉवर भांडली की केंद्राची टॅरिफ पॉलिसी सांगते पारेषणाची कामं बोलीनेच द्या. अपिलीय लवादात (आयोगाच्या आदेशांवरची अपिलं तिथे जातात) हरली, मग सुप्रीम कोर्टात गेली, आणि २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथेही हरली. कोर्टाने म्हटलं की ६२ आणि ६३ दोन्ही वाटा कायद्याने सारख्याच उघड्या आहेत, पॉलिसी हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, तो कायद्याच्या डोक्यावर बसत नाही. पण जाता जाता सगळ्या राज्य आयोगांना सांगितलं की तीन महिन्यांत नियम करा आणि कुठली वाट कधी घ्यायची त्याचे निकष लिहून ठेवा.

आता या निकालावर माझं मत विचाराल तर कायद्याच्या वाचनात तो बरोबर आहे, पण ग्राहकाला त्याने फारसं काही मिळालं नाही. घाई खरी होती, २०२० चा ब्लॅकआऊट ताजा होता. पण खारघर-विक्रोळी ही दुसरी लाईन बोलीने दिली गेली आणि २०२३ मध्ये सुरूही झाली, म्हणजे बोली लावली की काम रखडतंच असं काही नाही. 'तातडी आहे' हा शब्द आला की तपासणीचा दरवाजा अर्धा बंद होतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

मुंबईत राखीव कपॅसिटीचे पैसे ही नवी गोष्टही नाही बरं का. एमएसईबी मुंबईसाठी ५५० एमव्हीए स्टँडबाय ठेवायची, टाटा त्याचे पैसे भरायची, आणि त्यातला किती वाटा उपनगरात वीज देणाऱ्या तेव्हाच्या बीएसईएस कंपनीने उचलायचा यावरून जो वाद सुरू झाला तो आयोग, लवाद करत करत सुप्रीम कोर्टात २०१९ ला जाऊन संपला. तोपर्यंत बीएसईएसची रिलायन्स होऊन अदानी पण झाली होती.

तातडीवरून कलम ११. हे कलम सरकारच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे. असाधारण परिस्थितीत सरकार कुठल्याही निर्मिती कंपनीला सांगू शकतं की प्लांट असा असा चालवा, आणि त्यामुळे कंपनीला जो फटका बसेल तो आयोग भरून देऊ शकतो. केंद्राने ५ मे २०२२ ला आयात कोळशावरच्या प्लांटना असा आदेश दिला, पूर्ण क्षमतेने चालवा म्हणून. २०२३ मध्ये पुन्हा दिला आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ. आता पार्श्वभूमी बघा. यातलेच गुजरातमधल्या मुंद्राचे टाटा आणि अदानींचे प्लांट, इंडोनेशियाने कोळशाचे नियम बदलले म्हणून भाव वाढवून मागत होते, आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एनर्जी वॉचडॉगच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की परदेशातला भाव वाढला ही काही आपत्ती नाही, बोली लावताना धोका तुम्ही घेतला, तुम्ही निस्तरा. दरवाजा बंद. पाच वर्षांनी उन्हाळ्यात देशाची मागणी २०० गिगावॉटच्या वर गेली, प्लांट तोट्यात म्हणून बंद होते, आणि तोच खर्च कलम ११ च्या खिडकीतून आत आला. मी असं म्हणत नाही की देऊ नये, लोकांना वीज हवी होती आणि फुकट कोळसा कोणी जाळणार नाही. पण 'असाधारण परिस्थिती' दर उन्हाळ्याला यायला लागली तर ती असाधारण कशी, हा प्रश्न कोर्टाने एकदा नीट हाताळायला हवा.

हे झालं बिलाचं. आता तिजोरी.

इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. एक म्हणजे ग्राहकाला दिलेली सवलत, जशी शेतीपंपांना ७.५ एचपीपर्यंत मोफत वीज देणारी २०२४ ची बळीराजा मोफत वीज योजना. तिला कलम ६५ लागू होतं. सरकारला कुणाला स्वस्त वीज द्यायची तर द्या, पण त्याचे पैसे वितरण कंपनीला आगाऊ भरा, आणि भरले नाहीत तर आयोगाने ठरवलेला मूळ दर लागू होतो. कागदावर फार सुंदर कलम आहे. प्रत्यक्षात राज्याराज्यांत सबसिडी थकते, कंपनी बँकेतून उचल घेते आणि त्याचं व्याज फिरून तुमच्या आमच्या बिलात येतं, म्हणून केंद्राने जुलै २०२३ मध्ये नियम करून सबसिडीचा तिमाही हिशोब सक्तीचा केला. हा विषय पुरवठ्याच्या पुरेपणाचा नाही, त्यामुळे इथेच सोडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कपॅसिटी उभी राहावी म्हणून दिलेला पैसा. तुम्ही बॅटरीचं विचारलंत. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ४ हजार मेगावॉट-अवर बॅटरी साठवणुकीसाठी ३,७६० कोटींचं व्हीजीएफ मंजूर केलं, म्हणजे प्रकल्प परवडण्यात जी तफावत राहते ती भरून काढायचे पैसे, भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत. अट अशी की किमान ८५ टक्के कपॅसिटी वितरण कंपन्यांना मिळाली पाहिजे. बोलीने द्यायचं असल्यामुळे मला ही योजना त्यातल्या त्यात बरी वाटते. पण बघा, बॅटरीच का, पंपावर पाणी चढवणारा हायड्रो का नाही, किंवा कारखान्यांना संध्याकाळी मागणी कमी करायचे पैसे दिले तर ते स्वस्त पडलं असतं का, याची जाहीर सुनावणी कुठे झाली? कुठेच नाही, कारण कायद्यात ती करायला सांगितलेलीच नाही. आयोग फक्त नंतर येतो, जेव्हा वितरण कंपनी त्या बॅटरीचा करार घेऊन मंजुरीला येते, आणि तोपर्यंत काय बांधायचं ते ठरून गेलेलं असतं.

मग आव्हान द्यायचं झालं तर आपल्या हातात काय? संविधानाचं कलम १४. सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये रमणा शेट्टींच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की सरकारने खैरात वाटल्यासारखं मनमानी वाटप करायचं नाही, निकष हवेत आणि ते सगळ्यांना सारखे हवेत. पण याने तुम्ही 'त्याला का दिलं, मला का नाही' हे विचारू शकता, 'मुळात द्यायची गरज होती का' हे विचारलंत तर कोर्ट म्हणणार हा धोरणाचा भाग, आम्ही पडत नाही. उरला कॅग आणि विधिमंडळ, आणि कॅगचा अहवाल येईपर्यंत पैसे खर्च होऊन गेलेले असतात. स्पर्धा कायदा २००२ चा आहे पण त्यात सरकारी मदतीवर काही नाही.

बाहेरून एक लगाम मात्र आहे, डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा. सोलर मिशनमध्ये आपण अट घातली होती की सेल-मॉड्यूल देशातलेच वापरा. अमेरिका भांडली. आपण म्हटलं की देशात सेलचा तुटवडा आहे आणि तुटवड्यातल्या वस्तूंसाठी गॅट करारात सूट आहे. २०१६ मध्ये अपिलीय मंडळाने ते फेटाळलं, देशात बनत नाही म्हणजे तुटवडा नव्हे, आयात करून मिळतंय ना. त्यामुळे 'पुरवठा सुरक्षित करायचाय' हे कारण दिलं की सगळं माफ, असं तिथे चालत नाही.

आता पुतण्याचा युरोप. तो म्हणतो ते बरोबर आहे. युरोपियन युनियनच्या करारात कलम १०७ आणि १०८, सरकारी पैशाने एखाद्या कंपनीला फायदा दिला आणि त्याने स्पर्धा बिघडत असेल तर आधी ब्रसेल्सच्या कमिशनला कळवा, होकार मिळेपर्यंत एक पैसा द्यायचा नाही. दिला तर वसूल करून परत घ्यायचा, व्याजासकट. हा दात आपल्या कायद्यात नाही.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण टेम्पस एनर्जी. ब्रिटनने २०१४ मध्ये कपॅसिटी मार्केट काढलं, लिलाव करून राखीव कपॅसिटीला पैसे द्यायचे. कमिशनने महिन्याभरात प्राथमिक तपासणी करून जुलै २०१४ ला मान्यता दिली. टेम्पस ही छोटी कंपनी, तिचा धंदा ग्राहकांची मागणी हलवून वीज वाचवायचा. तिचं म्हणणं की नव्या प्लांटला १५ वर्षांचे करार आणि आम्हाला एकच वर्षाचा, हा कुठला न्याय? १५ नोव्हेंबर २०१८ ला युरोपच्या जनरल कोर्टाने मान्यताच रद्द केली. कारण काय तर एवढी गुंतागुंतीची योजना, शंका यायला हव्या होत्या, सखोल चौकशी का नाही केली. आणि त्या दिवसापासून अख्ख्या ब्रिटनमधल्या कपॅसिटीच्या पेमेंट थांबल्या. अख्ख्या! ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. जवळजवळ वर्षभराने, ऑक्टोबर २०१९ मध्ये, कमिशनने सखोल चौकशी करून पुन्हा मान्यता दिली तेव्हा पैसे सुरू झाले. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने म्हटलं की जनरल कोर्टच चुकलं होतं, पहिली मान्यता ठीक होती. म्हणजे शेवटी टेम्पस हरलीच. पण एका छोट्या कंपनीने देशाची योजना वर्षभर थांबवली, आपल्याकडे याची कल्पना करून बघा.

पण त्या कायद्यात भोक होतं. मदत 'सरकारी पैशातून' असेल तरच कलम १०७. २००१ मध्ये प्रॉयसन इलेक्ट्राच्या केसमध्ये प्रश्न आला की जर्मनीने खासगी वीज कंपन्यांना सक्ती केली, पवनऊर्जा ठरलेल्या किमान भावाने घ्याच, तर ही मदत आहे का? कोर्ट म्हणालं नाही, पैसा सरकारचा नाही, तो कंपन्यांचा आणि पर्यायाने ग्राहकांचा. २०१९ मध्ये जर्मनीतल्या विजेवरच्या अक्षय ऊर्जा अधिभाराबद्दल पुन्हा साधारण तेच. म्हणजे तिजोरीतून दिलं तर कडक तपासणी, आणि बिलातून वळवलं तर तो कायदा लागूच नाही. मी वर उलट म्हटलं ते हे. त्यामुळे 'युरोपसारखा कायदा आणा' म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आणा, पण कलम ८६ घालवून आणू नका.

तिथे हे भोक नंतर बरंच बुजवलं ते २०१९ च्या वीज नियमावलीने. तिच्यात पैसा कुठूनही येवो, कपॅसिटीचे पैसे द्यायच्या आधी देशाने दाखवायचं की तुटवडा खरंच येणार आहे, बाजारातले दोष आधी दुरुस्त करायचा कार्यक्रम द्यायचा, शेजारी देशांवर काय परिणाम होईल ते बघायचं, आणि युनिटमागे ५५० ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन सोडणाऱ्या नव्या प्लांटला पैसेच नाहीत. कोळशाचे प्लांट यात बसत नाहीत, जुन्यांनाही जुलै २०२५ पासून हीच फूटपट्टी, वर्षाच्या एकूण उत्सर्जनाच्या थोड्या सवलतीसह. २०२४ च्या सुधारणेत मात्र त्यांनी ही व्यवस्था तात्पुरतीच असली पाहिजे ही अट काढून टाकली. शेवटी त्यांनाही कळलं की राखीव टँकर कायमचे लागणार.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं जे काही आहे ते म्हणजे रिसोर्स अॅडिक्वसी, पुरेशा पुरवठ्याचं नियोजन. डिसेंबर २०२२ च्या नियमांत ते आलं, जून २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि आपल्या आयोगाने २०२४ मध्ये त्याचे विनियम केले. वितरण कंपनीने पुढच्या दहा वर्षांची मागणी मांडायची, दरवर्षी ती पुढे सरकवायची, किती राखीव लागेल ते गणित करून दाखवायचं आणि तेवढ्याचेच करार करायचे. केंद्राने निकषही दिलेत, वीज कमी पडण्याची शक्यता ०.२ टक्के आणि न भागलेली मागणी ०.०५ टक्के, याच्या आत राहा. म्हणजे पहिल्यांदाच 'पुरेशी' या शब्दाला आकडा मिळाला. दाभोळच्या वेळी जे उत्तर कोणावर बंधनकारक नव्हतं ते आता आयोगाच्या मंजुरीला यावं लागतं. पण हे शस्त्र दुधारी आहे. मागणी फुगवून दाखवली की फुगवलेल्या मागणीचे करार कायदेशीर होतात आणि पुढची २५ वर्षं स्थिर आकार भरायचा. कमी दाखवली की मे महिन्यात एक्स्चेंजवर पळापळ. म्हणून खरी लढाई आता मागणीच्या अंदाजात आहे, आणि त्या सुनावणीला बघाल तर उद्योगांच्या संघटना आणि दोनचार ठराविक ग्राहक प्रतिनिधी, बाकी खुर्च्या रिकाम्या.

तर तुमच्या सोसायटीने काय करायचं. सध्याचा दरनिश्चितीचा काळ २०२५-२६ ते २०२९-३० असा पाच वर्षांचा आहे, त्याचा मध्यावधी आढावा येईल तेव्हा कंपनीला याचिका जाहीर करावीच लागते, कलम ६४ आहे, आणि आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. 'दर कमी करा' एवढंच लिहू नका, असली पत्रं गठ्ठ्याने येतात आणि 'आयोगाने नोंद घेतली' या एका ओळीत संपतात. त्याऐवजी विचारा की मागच्या तीन वर्षांत अंदाज किती होता आणि खरी मागणी किती झाली. कुठल्या करारांची कपॅसिटी किती टक्के वेळ बॅकडाऊन (तयार असून वीज न उचललेली) राहिली आणि तिचा स्थिर खर्च किती. नवा करार ६२ खाली का, ६३ खाली का नाही, निकष दाखवा. केंद्राचं अनुदान मिळालेल्या बॅटरीचा फायदा दरात कुठल्या ओळीत उतरलाय. संध्याकाळची मागणी ग्राहकांकडून कमी करून घेण्याचा पर्याय किमतीला तपासला का. या पाच प्रश्नांना कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं, ते आदेशात छापलं जातं, आणि पुढे कोणी लवादात अपिलात गेलं तर तोच रेकॉर्ड कामाला येतो. तिथे नवा मुद्दा काढला तर पहिला प्रश्न येतो की हे आयोगापुढे मांडलं होतं का.

हरकत मराठीत लिहिली तरी चालते. सुनावणीला उभं राहून बोलायचं असेल तर तसं हरकतीतच लिहा, आणि सोसायटीचा ठराव जोडा म्हणजे तुम्ही कोणाच्या वतीने आलात हा वाद निघत नाही.